खोट्या जिन्याचे खरे डाग

भांडण अकरा वर्षांपूर्वीचं. कोणी मावशीशी भांडलं नव्हतं. ती आपली न्हाणीत बसून दिवसभराची फडकी पिळत होती, आणि दाराला फट होती. आता फट असली म्हणजे कानांना काय झाकण लावायचं?

बाहेर तिचा मुलगा आणि सून दबक्या आवाजात जुंपले होते. दबक्या आवाजातलं भांडण लांबवर ऐकू जातं. ज्यांनी जन्म जिन्यांत काढलाय त्यांना विचारा.

“हे बघ, काय लिहिलंय आपल्या पोरीनं वहीत. ‘माझी आजी जिने पुसते.’ आणि हे उद्या वर्गात सगळ्यांसमोर वाचायचं.”

“मग? पुसतात ना आई जिने. खोटं कुठं लिहिलंय?”

“खोटं नाही गं. पण खरं आहे म्हणून दवंडी पिटायची का? ‘आजी घरी असते’ असं लिहिलं तर काय बिघडेल?”

“त्या घरी असत्या तर तुम्ही आज ऑफिसात नसता. त्यांनी पुसलेल्या पायऱ्यांवरूनच वर चढलात.”

“उचलली जीभ लावली टाळ्याला! मी आईला नावं ठेवतोय का?”

“नाही हो. तुम्ही नुसते खोडरबर घेऊन बसलाय.”

कागदावर रबर घासल्याचा आवाज तेवढा आला.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना मावशीनं नातीची वही उघडली. शाळा तिसरीपर्यंतच झालेली, त्यामुळे एकेक अक्षर बोटाखाली धरून वाचावं लागे. खोडलेल्या जागी कागद काळवंडला होता आणि त्यावर नवीन ओळ होती : ‘माझी आजी घरी असते.’ मावशीला राग आला नाही. कोरड्या हातानं पुसलं की डाग जात नाही, पसरतो, एवढंच तिच्या मनात आलं. वही मिटून तिनं जागेवर ठेवली आणि कामाला गेली. बोलली कोणाशीच नाही. पण ती पुसलेली ओळ कधीतरी परत लिहिलेली बघावी, एवढी एक हाव मनात राहिली. बाकी बाईला हाव कसली ती नव्हती.

मावशीची इमारत चार मजल्यांची. एका मजल्याला अठरा पायऱ्या, नऊ चढल्या की वळण, मग उरलेल्या नऊ. दारातल्या तीन धरून पंचाहत्तर. मुलगा आठ वर्षांचा असताना तिनं हे काम धरलं, ते सदतीस वर्षं झाली तरी सोडलं नव्हतं. सगळी बिऱ्हाडं तिला जिनेमावशी म्हणत. तिचं खरं नाव पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना तेवढं माहीत होतं, आणि तेही त्यांच्याबरोबर गेलं.

काम करायची तिची रीत ठरलेली. सुरुवात वरून, शेवट दारात. आधी कोरडा झाडू, मग ओलं फडकं. बादल्या दोन, एक साबणाची, एक साध्या पाण्याची. कोपऱ्यांना जुना दात घासायचा ब्रश. कठडा सगळ्यांत शेवटी, कोरड्या फडक्यानं. कोणी नवशिकी बाई खालून वर पुसत जाताना दिसली की मावशी म्हणे, “अगं, स्वतःच्या पावलांवर पाणी फिरवत परत उतरणार आहेस का?”

पुसता पुसता तिला बिऱ्हाडं वाचता यायची. अक्षरांशी तिचं जेमतेम, पण डाग म्हणजे तिची बाराखडी. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांच्या कुलपाभोवती ओरखडे : म्हणजे माणूस थकून येतो, किल्ली भोकात जात नाही. चौथ्यावरचा भाडेकरू बेल अंगठ्यानं दाबतो. तिसऱ्यावरच्या शिक्षिकेची मुलगी खाली उतरताना भिंतीवरून बोट ओढत यायची. चार वर्षांची असल्यापासून. रोज पुसली तरी रेघ उरायचीच, आणि दर वर्षी दोन बोटं वर सरकायची. मावशीनं त्या पोरीला ना कधी मापपट्टीला लावलं ना कधी कडेवर घेतलं, पण तिची उंची तिला आईच्या आधी कळायची.

आता नातीकडे येऊ. तिला घरात भिंगरी म्हणत. नाव ठेवलं तेव्हा ती खरंच भिरभिरायची. पुढं कॉम्प्युटर आला आणि भिंगरीचं पोतं झालं. एकदा बसली की उठवायला दोन माणसं लागत. शिक्षण संपवून ती खेळांतली घरं बांधायला शिकली. त्या खेळांत माणसं पळतात, लपतात, एकमेकांवर बंदुका झाडतात; त्यांना पळायला गल्ल्या आणि लपायला इमारती लागतात. त्या इमारती कोणीतरी उभ्या कराव्या लागतात. विटा नाहीत, वाळू नाही, सगळं पडद्यावर. ज्यात ते बांधायचं त्याला भिंगरी ‘लेव्हल एडिटर’ म्हणे. मावशी म्हणे, “तुझं बांधकाम.”

बावीस वर्षांची झाली तेव्हा एका खेळ बनवणाऱ्या कंपनीनं तिला चाचणीचं काम दिलं : एक जुनी, वापरातली, चार मजली इमारत, बाहेरून आणि आतून. जमलं तर नोकरी. वीस दिवस राबून पोरीनं ती पाठवली, आणि एका बुधवारी ती परत आली. तिथला जो मुख्य होता, मावशी त्याला मुकादम म्हणायची, त्यानं दोनच ओळी लिहिल्या होत्या : ‘माप बरोबर आहे. पण इथे कोणी राहत नाही. सोमवारी दुपारी बारापर्यंत पुन्हा पाठवा, ही शेवटची संधी.’

भिंगरी खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मावशी चहा घेऊन आली आणि कपासकट पडद्यापुढं उभी राहिली.

“हे काय गं भिंतीवर? कोणी शाई उडवलीय का?”

“डाग आहेत आज्जी. जुनी दिसायला नको का इमारत?”

“हे डाग खोटे आहेत.”

“सगळंच खोटं आहे. गेम आहे तो.”

“तसं नाही. हा बघ, हा बघ आणि तो वरचा. एकच डाग सात ठिकाणी. सात जुळी पोरं असतात का कोणाला?”

भिंगरी जरा सरळ बसली. डाग तयार मिळतात. तिनं एकच उचलून, थोडा फिरवून सगळीकडे चिकटवला होता. हे तिला सोडून कोणाला दिसेल असं तिला वाटलं नव्हतं.

“आणि खिडकीखाली मधोमध ओघळ काढलास. पाणी असं मधून येत नाही बाई. खिडकीच्या फळीवर साचतं, दोन्ही टोकांना जातं आणि तिथून उतरतं. मिशांसारखं. आणि पायरीच्या मधोमध कसला मळ? मधे तर पाय पडतात. मळ बिचारा कोपऱ्यात जाऊन बसतो, जिथं कोणी तुडवत नाही तिथं.”

“तुला काय कळतंय गं यातलं,” असं भिंगरीच्या ओठांवर आलं होतं. अर्धं बाहेरही पडलं. मग तिनं पडद्याकडे पाहिलं, आजीच्या भेगाळलेल्या बोटांकडे पाहिलं, आणि उरलेलं अर्धं गिळलं.

“आज्जी, उद्या मी तुझ्याबरोबर येऊ?”

“साडेपाचला निघते मी. उठशील?”

“नाही. पण येईन.”

गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तीनही सकाळी पोरगी तिच्यामागं जिन्यात. कधी फोटो काढायची, कधी वहीत लिहून घ्यायची. मावशी पुसता पुसता सांगायची, आणि पुसायच्या आधी तिला बघू द्यायची. “थांब, हे आधी बघून घे, मग मी मारते फडकं.” वळणावर कठड्याचा रंग उडालेला असतो, कारण तिथं माणूस हात टाकून फिरतो. उतरताना सगळे आतल्या बाजूनं उतरतात, म्हणून वळणाच्या पायऱ्या आतून गुळगुळीत. दार भिंतीला आपटतं तिथं मुठीएवढा खड्डा. दिव्याच्या बटणाभोवती काळं वर्तुळ, कारण अंधारात हात आधी भिंतीला लागतो, मग बटणाला. जुनी पाटी काढली की तिच्यामागची भिंत कोरी, गोरी. बाहेर रस्त्यालगत वीतभर पट्टा चिखलाच्या शिंतोड्यांचा, पावसाळी नळाच्या पाइपाला जिथं पट्टी ठोकलीय तिथं गंजाचा ओघळ.

“आज्जी, तुला हे सगळं पाठ आहे?”

“पाठ कसलं. रोज ज्याच्याशी भांडायचं त्याचं तोंड ओळखू येणार नाही का?”

दुपारी भिंगरी बांधकामाला बसायची. शनिवारी संध्याकाळपर्यंत इमारत अशी उठून आली की सून दारातूनच म्हणाली, “अगंबाई, वास येईल आता ओल्या चुन्याचा.” मावशीला भिंगरीनं ब्रश कसा चालवायचा तेही दाखवलं होतं. एक बटण दाबलं की डाग लागतो, दुसरं दाबलं की जातो.

आणि तिथंच घात झाला.

रविवारी जेवणं झाल्यावर मायलेकी बाजारात गेल्या. मुलगा आत पेपर तोंडावर घेऊन पडला होता. मावशी सहज पडद्यापुढं बसली. नातीचं काम डोळे भरून बघावं, एवढाच विचार. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक डाग होता, चिकट, कडेला धूळ धरलेला, कोणीतरी काहीतरी गोड सांडून गेल्यासारखा. इतका हुबेहूब की हात शिवशिवायला लागला. एकच पुसून बघू, म्हणून तिनं बटण दाबलं. गेला! ना पाणी, ना साबण, ना गुडघे टेकणं. सदतीस वर्षांत इतक्या सुखानं एकही डाग गेला नव्हता. मग शेजारचा. मग ती वळणाची कड. मग असं मधूनच पुसणं तिच्या रीतीला धरून नव्हतं, म्हणून ती चौथ्या मजल्यावर गेली आणि वरून खाली, पायरी पायरी, कोपरान् कोपरा, कठडा शेवटी, अशी सबंध इमारत तिनं लख्ख केली. दारातल्या तीन पायऱ्या झाल्या तेव्हा कंबरसुद्धा दुखत नव्हती. ती मागं टेकून बसली, आणि पाहता पाहता तिनं बटणावरचं बोट झटकन मागं घेतलं.

भिंगरी आली. पिशवी हातातच राहिली.

“आज्जी… डाग?”

“पुसले गं,” मावशी म्हणाली. आवाज असा की जणू दूध उतू गेलं.

मागं घ्यायचं बटण असतं, पण ते पन्नास पावलंच मागं जातं. मावशीनं चारशे तरी फटके मारले असतील. जतन तर आपोआप होत होतं. वेगळी ठेवलेली प्रत होती ती बुधवारची, सात जुळ्यांची.

“तीन दिवसांची घाण होती आज्जी,” भिंगरी रडवेली होऊन म्हणाली. “तीन दिवस राबून केलेली घाण!”

गलका ऐकून मुलगा बाहेर आला. काय झालं ते कळल्यावर त्याचा पारा चढला. “आई, तुला कोणी सांगितलं होतं हात लावायला? दिसलं की मार फडकं, दिसलं की मार फडकं! पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे. उद्या बारा वाजता द्यायचंय तिला!”

“अहो, हळू,” सून म्हणाली.

“हळू काय हळू? हिच्या सवयीपायी…”

मावशी उठली. न्हाणीत जाईल, फडकी पिळत बसेल असं सगळ्यांना वाटलं. तिनं स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं, भिंगरीच्या खुर्चीशेजारी ठेवलं आणि बसली.

“मी पुसलंय ना? मग परत मीच लावीन. हात तुझा, डोळे माझे. बस.”

“आज्जी, सगळे कसे आठवतील?”

“पुसलेला डाग विसरत नाही माणूस. न पुसलेला विसरतो. चौथ्या मजल्यापासून सुरू कर.”

“आम्ही खालून बांधत जातो गं.”

“बांधत असशील. मळवायचंय ना आता? मग वरून.”

आणि ती सांगायला लागली. पण आता ती पडद्यावरचे डाग सांगतच नव्हती. थेट आपल्या पंचाहत्तर पायऱ्या उतरत होती. “चौथा, डावं दार. बेलवर अंगठा, मोठा, तेलकट. खाली पायपुसणं, ते तिरकं ठेव, तो लाथेनं सरकवतो. पायपुसण्याखालची फरशी उजळ. पुढं तीन पायऱ्या सोड, काही नाही. चौथीला टवका, कपाट उतरवताना गेला.” भिंगरीचा हात भराभर चालत होता. विचारायला ती थांबली तर मावशी डोळे मिटूनच म्हणे, “थांबू नकोस, पाणी वाळेल.”

तिसऱ्यावर आल्यावर मावशी म्हणाली, “इथं रेघ. बोटाची. एक नाही, अकरा. एकावर एक, दोन दोन बोटं अंतरानं. खालची पुसट, वरची ठळक.”

“आणि मग?”

“मग काही नाही. पोरगी मोठी झाली.”

दुसरा झाला. मुलगा अजून दाराला टेकून उभा होता, तोंड फुगवून. पहिल्याच्या वळणावर मावशी थांबली तसा तो एकदम बोलला.

“तिथं टाचा.”

“काय?”

“टाचांच्या खुणा, आई. शाळेआधी मी त्या वळणावर बसायचो, तुझं काम संपेपर्यंत. अभ्यास करत. भिंतीवर टाचा आपटत. तू रोज ओरडायचीस.” तो पुढं आला, वाकला आणि पडद्यावर बोट टेकवलं. “इथं नाही, जरा खाली. माझे पाय तेव्हा एवढेसे होते.”

“रोज ओरडायचे,” मावशी म्हणाली, “पण ती खूण कधी पुसली नाही. रंगवाले आले तेव्हा गेली.”

सूनबाई आत वळली. चहा टाकायला गेली, आणि नवऱ्याच्या कपात साखर घालायला विसरली. त्यानं तो निमूट प्यायला.

उजेड सरेपर्यंत जिना झाला. सोमवारी मावशी नेहमीसारखी साडेपाचला कामावर गेली, नऊला परतली, आणि बाहेरची भिंत, ओघळ, चिखलाचा पट्टा सांगून सव्वाअकराला म्हणाली, “झालं. बादली ओत.”

पाठवायच्या आधी खाली एक रकाना भरायचा होता : माहिती कुठून घेतली. लोक तिथं पुस्तकांची नाहीतर फोटोंची नावं देतात. भिंगरीनं एक ओळ लिहिली आणि पडदा बापाकडे वळवला. त्या दिवशी तो ऑफिसला उशिरा जाणार होता. का, ते त्यानं सांगितलं नव्हतं.

“बाबा, खोडायचंय?”

मुलग्यानं वाचलं. मान खाली घातली, मग वर केली. “सदतीस आकड्यात नको लिहूस. अक्षरात लिही. ठसठशीत दिसेल.”

मग भिंगरीनं पडदा मावशीपुढं केला. मावशीनं बोट टेकवलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं : ‘माझी आजी जिने पुसते. सदतीस वर्षं. तिला विचारलं.’ तिनं ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना बोटाची गरज लागली नाही.

“तिला विचारलं काय? चूक आहे ते,” ती म्हणाली. “तिनं सगळं पुसून टाकलं, मग विचारलं, असं लिही.”

गुरुवारी उत्तर आलं. मुकादमानं या वेळी तीन ओळी लिहिल्या होत्या : ‘आता इथे लोक राहतात. सोमवारपासून या. तिसऱ्या मजल्यावरची ती रेघ कोणाची?’

वर्षभरानं तो खेळ बाजारात आला. रविवारी सगळे पडद्यापुढं बसले. अवजड बूट घातलेले चार बंदूकवाले दार फोडून धडाधड जिना चढायला लागले, तशी मावशी कळवळून ओरडली, “अरे, पाय पुसा मेल्यांनो! आत्ता झालाय जिना!” आता मुलगा आपल्या ऑफिसात ही गोष्ट कोणी न विचारता सांगतो. चहाच्या वेळेला, सगळ्यांसमोर. “आमच्या आईच्या जिन्यात जगभरची माणसं मरतात,” म्हणतो. ऐकणाऱ्याला काही कळत नाही. मग तो खुर्ची ओढून पहिल्यापासून सुरू करतो. मावशीच्या कानावर हे सुनेकडून आलं. “गप्पा मारायला पगार देतात वाटतं त्याला,” एवढंच ती म्हणाली, आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

शेवटी गुडघ्यांनी मात्र ऐकलं नाही. पुढच्या वर्षी इमारतीच्या लोकांनी यंत्र घेऊन येणारी माणसं ठरवली. मावशीचा शेवटचा दिवस शनिवार होता. शिक्षिकाबाई म्हणाल्या, “आज कशाला करता? या, बसा, चहा घ्या.”

“कठडा झाल्यावर घेते,” मावशी म्हणाली.

वरून सुरुवात केली. आधी झाडू, मग ओलं. चौथ्याचं पायपुसणं तिरकं होतं, ते सरळ केलं. तिसऱ्यावर भिंतीवरून फडकं फिरवलं. पहिल्याच्या वळणावर जरा टेकली, गुडघ्यांसाठी, आणि उठली. दारातल्या तीन पायऱ्या, मग कठडा. चहा घेतला, कप स्वतः विसळला. दोन्ही बादल्या गटारात ओतल्या, पालथ्या घातल्या, ब्रश त्यावर ठेवला. बादल्यांच्या कोनाड्याची किल्ली शिक्षिकाबाईंच्या टपालपेटीत टाकायची तेवढी राहिली होती. पेटीच्या झाकणावर बोटांचे ठसे दिसले. ते पुसले आणि किल्ली आत टाकली.

तेवढ्यात टपालवाला आत येत होता, नेहमीप्रमाणे घाईत, एक पाय उंबऱ्यात.

“ओलं आहे,” मावशी म्हणाली. “कडेनं जा.”

तो कडेनं गेला.